अंगची खोट

माणूस कोळसा कानाशी धरून ऐकत होता. घडलं ते एवढंच, आणि एवढ्याशा गोष्टीनं खरं तर कुणाची दुपार नासू नये. अंबाजी वाळुंज चारच्या सुमारास लोणावळ्याला तुंगार्लीतल्या आपल्या भाड्याच्या घरी परतला, फाटकाची कडी काढली, तर पडवीत शेगडीसाठी आणून ठेवलेल्या कोळशाच्या पोत्यापाशी एक वाळका, पिकल्या केसांचा माणूस उकिडवा बसलेला. पोत्याचं तोंड उघडं. माणूस एक कोळसा उचलायचा, कानाशी न्यायचा, डोळे मिटायचा, आणि थोड्या वेळानं तो हलकेच फरशीवर ठेवून दुसरा उचलायचा. बाजारात बायका नारळ कानाशी हलवून बघतात. पण हा हलवतही नव्हता, नुसता ऐकत होता. फरशीवर चाळीस-पन्नास कोळसे ओळीनं मांडून झाले होते. अंबाजीला आधी हसूच आलं. कुणी खुळं घरात शिरलंय आणि आपली बायको खुशाल आत भांडी घासते आहे, असं त्याच्या मनात आलं. मग माणसानं डोळे उघडून त्याच्याकडं पाहिलं आणि हातातला कोळसा तसाच कानाशी ठेवून म्हणाला, "साहेब, ह्यो गप हाय. तुमी बी ऐका." अंधारात जिना उतरताना एक पायरी कमी निघावी, तसं अंबाजीला झालं. का, ते त्याला त्या घडीला सांगता आलं नसतं.

लीलाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. बाराच्या ठोक्याला आलेत, ती सांगू लागली, आंदर मावळातून कान्हे स्टेशनापर्यंत पायी आणि पुढं गाडीनं. तुमच्याशीच बोलायचं म्हणतात. पाणी प्यायले, भाकरी नको म्हणाले, आणि पोतं दिसल्यावर विचारलं, बाई, कोळसं बघू का? बघा म्हटलं, आपलं काय जातंय त्यात. नाव नवशा सांगितलं. ते नाव कानावर पडलं आणि अंबाजीची पायरी पुन्हा एकदा चुकली. हे नाव त्यानं स्वतः तीन आठवड्यांपूर्वी इंग्रजीत लिहिलं होतं, एका अहवालाच्या दुसऱ्या पानावर, 'भट्टी लावणारा' या शब्दांपुढं. माणूस मात्र कधी पाहिला नव्हता. त्याच्या धंद्यात माल पाहायचा असतो, माणसं पाहायची नसतात, आणि अंबाजीनं हा नियम कधी मोडला नव्हता.

तो विमा कंपन्यांचा सर्व्हेअर होता. मुंबई-पुणे रस्त्यावर, घाटाच्या वर किंवा खाली, कुणाचा माल जळला, भिजला, सडला, फुटला की पुण्याहून तार यायची आणि अंबाजी वही, टेप आणि छत्री घेऊन निघायचा. दुसऱ्याचं जळाल्याशिवाय माझी चूल पेटत नाही, असं तो चारचौघांत थट्टेनं म्हणायचा आणि चारचौघं हसायचे. सगळ्या कामात प्रश्न एकच: खोट कुणाची? नेणाऱ्यानं हयगय केली असेल तर नुकसान नेणाऱ्याच्या गळ्यात. वाटेत आगंतुक संकट आलं असेल तर कंपनीच्या. पण मालाच्या स्वभावातच नासणं असेल तर कुणाच्याच नाही. दूध फाटतं, गूळ पाझरतो, ओलं गवत गंजीतल्या गंजीत तापतं, आंबा पिकतो तो सडायलाच. त्याला कुणी काय करणार? कायद्यात त्यासाठी दोन इंग्रजी शब्द होते. मराठीत अंबाजी त्याला अंगची खोट म्हणायचा. हे दोन शब्द लिहिले की फाईल मिटायची, साहेब खूश व्हायचे, पुढची तार यायची. बारा वर्षांत ते त्याच्या हातात असे बसले होते की पेन कागदावर टेकण्याआधीच उमटायचे.

नवशाच्या कोळशाबद्दलही ते असेच उमटले होते. माघातली गोष्ट. आंदर मावळातल्या दोन भट्ट्यांचा कोळसा एका जंगल ठेकेदाराचा होता, ठेकेदारानं विमा उतरवला होता, आणि मुंबईच्या कुणाची तरी लॉरी तो घेऊन घाट उतरत होती. मागं गोण्यांवर, थंडी म्हणून ताडपत्रीच्या आत शिरून, उतरवायला सोबत घेतलेला एक हमाल निजला होता. तो नवशाचा धाकटा भाऊ, बुधा. दिवस मावळायच्या बेताला एका वळणावर मागच्या लॉरीवाल्याला धूर दिसला. लोकांनी ताडपत्री ओढली, बुधाला खाली काढलं, आणि तेवढ्यात वारा लागून सगळा माल भडकला. त्याच्या अंगाला चटका नव्हता. कोंडलेल्या धुरानं तो झोपेतच गेला होता, आणि पाहणारे म्हणत होते की हाक मारली तर उठेल असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी अंबाजी तिथं पोचला तेव्हा राख अजून कोमट होती. त्यानं काठीनं उकरलं, टेप लावला, वहीत आकडे घातले. केबिनच्या मागच्या अंगाला, अगदी तळाशी, गोण्यांची राख पांढरी पडली होती, म्हणजे तिथं सगळ्यात जास्त वेळ जळत राहिलं होतं; बाकी सगळीकडं काळी. त्या पांढऱ्या राखेत एक वातीचा स्टो होता. त्याच्या जाळीला गोणपाटाचा एक तुकडा चिकटून राहिला होता. ड्रायव्हर म्हणाला की लोणावळ्याच्या नाक्यावर चहा केला आणि स्टो जागेवर ठेवला, गार करून. गार करून हे तो दोनदा म्हणाला. अंबाजीनं वहीत लिहिलं: स्टो, तळाशी, गोणपाट चिकटलेलं. अहवालात ते लिहिलं नाही. कुणी त्याला पैसे चारले नव्हते, कुणी दम दिला नव्हता; दम दिला असता तर निदान त्या दमाला तरी नावं ठेवता आली असती. स्टो लिहिला की लॉरीवाला आला, त्याचा वकील आला, तारखा आल्या, पुण्याच्या साहेबांचं कपाळ आलं. ताजा कोळसा आतून धुमसतो हे तर शेंबडं पोरही सांगेल. म्हणून मग ते दोन शब्द.

आता तो खुर्चीवर बसला आणि नवशा खाली, पायरीवर. वर बसा म्हटलं तर तो बसला नाही. त्याचा उजवा कान, गाल आणि मानेची शीर कोळशाच्या पुडीनं काळी झाली होती आणि डावा कान स्वच्छ होता. एकाच माणसाचे दोन कान दोन माणसांचे वाटत होते. तो घाईनं बोलणारा नव्हता. भट्टी उघडली की कोळसा पसरायचा, त्यानं सांगितलं, माती मारायची, एक दिवस एक रात तसाच ठेवायचा, आणि गोणीत भरायच्या आधी ऐकायचा. मेलेला कोळसा मुका असतो. पोटात इंगळ राहिलेला बोलतो, टिक टिक, आढ्यातला भुंगा लाकूड कुरतडतो तसा, पण त्याहून बारीक. सगळ्यांना ऐकू येत नाही. त्यांच्या वाडीत बापाला यायचं, मग नवशाला यायला लागलं. आजूबाजूच्या भट्ट्यांवरही त्यालाच बोलवायचे. बोलणारा कोळसा निघाला की ती सगळी रास पुन्हा मातीखाली. त्या दिवशी त्यानं बसून सगळा ढीग ऐकला होता. सगळा गप होता. मग ठेकेदारानं वाडीवर येऊन सांगितलं की मोठ्या साहेबानं लिहिलंय, कोळशातच खोट होती, मला एक छदाम मिळणार नाही आणि तुझ्या भट्टीचा कोळसा आता मी घेणार नाही. कोळसा गेला तर जाऊ दे, नवशा म्हणाला. पण बुधाच्या बायकोनं, सावित्रानं, एवढंच विचारलं, दादा, तुम्ही कान लावला होता का?

"म्या म्हनलं, लावला व्हता. ती घास बी माझ्या पुढ्यात ठिवती, पानी बी ठिवती, पर वर बघत न्हाई," तो म्हणाला. "तवापासनं मी दिसंल तितं ऐकतोय. हाटेलात, लोव्हाराकडं, हितं बाईंच्या पोत्यात. समदा गप हाय, साहेब. न्हाईतर माझा कानच मेला आसंल. तुमी सांगा. कोळशात खोट व्हती का? तुमी सांगाल ते मी तिला सांगन. दुसरं काय मागायला आलो न्हाई."

अंबाजीनं जे करायचं तेच केलं. शिकल्यासवरल्या माणसाला अडचणीत धरलं की तो समजावून सांगायला लागतो. अंगची खोट म्हणजे कुणाची चूक नव्हे, त्यानं सांगितलं. ते फक्त कागदावरचं बोलणं असतं, कंपनीनं भरपाई द्यायची की नाही एवढ्यापुरतं. दूध फाटतं त्यात गवळ्याचा दोष नसतो. तसंच हे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बोलता बोलता त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत होता, गुळगुळीत, कढत नाही नि गार नाही असा, आणि हा आवाज आपण पूर्वी कुठं ऐकला आहे ते आठवेना. नवशा मान हलवत ऐकून घेत होता. मग त्यानं विचारलं, "म्हंजी कुनाचीच चूक न्हाई?" कुणाचीच नाही, अंबाजी म्हणाला. "मंग बुधा कशानं मेला?" नवशानं विचारलं, आणि त्यात राग नव्हता, खरोखरच त्याला ते कळत नव्हतं. लीलाबाई चहा ठेवते म्हणून आत गेली होती, पण आतून स्टोचा किंवा भांड्याचा आवाज येत नव्हता. ती दाराच्या आड उभी असावी.

आवाज कुणाचा ते त्याला आठवलं. डॉक्टरचा. चौपन्न सालचा वैशाख. लीलाबाई बाळंतपणाला माहेरी, आंदर मावळातच, आणि मुलगा चार महिन्यांचा. मारुती नाव ठेवलं होतं. तिला ताप, अंथरुणातून उठवत नव्हतं, आणि मुलाला जुलाब लागले ते थांबेनात. अंबाजी सासरी गेला, सासूला, मुक्ताबाईला, बरोबर घेतलं आणि मुलाला घेऊन बैलगाडीनं कामशेतला आला, की तिथून लोणावळ्याची गाडी धरायची आणि दवाखाना गाठायचा. ऊन असं होतं की बैलांच्या तोंडाला फेस आला होता. मूल सासूच्या मांडीवर, ओल्या धडप्यात, आणि त्याच्या टाळूवरची मऊ जागा खोल गेली होती. ती जागा त्याला आजही बोटाच्या टोकाला लागायची. पावाचा तुकडा मोडताना, शाईच्या टिपकागदावर बोट दाबताना, कशावरही. गाडीला वेळ होता. आणि रस्त्याच्या कडेला आंब्यांनी भरलेली एक लॉरी उभी होती, मुंबईहून पुण्याला निघालेली, घाटात आस मोडून दीड दिवस अडकलेली. पेट्यांतून रस गळत होता. तो वास. गोड, आंबूस, तापलेल्या डांबरात मिसळलेला. लॉरीबरोबरच्या कारकुनानं त्याला ओळखलं: तुम्हीच ना विमा कंपनीचे नवे? पुण्याला तार केली आहे, पण तुम्ही आलाच आहात तर बघून टाका की.

तो तेव्हा नवा होता, उमेदवार होता, दुसऱ्याच्या हाताखाली फूटपट्टी धरणारा. स्वतःच्या सहीचं हे पहिलं काम समोर चालून आलं होतं. दहा मिनिटांत होईल, असं तो मुक्ताबाईला म्हणाला आणि तिला वडाच्या सावलीत बसवलं. पेट्या फोडायच्या, मोजायच्या, वरचा थर, मधला थर, तळ. मधे एकदा गाडीची शिट्टी ऐकू आली तेव्हा तो तळच्या पेट्यांपर्यंत पोचला होता. पुढची गाडी धरू, असं त्यानं मनात म्हटलं. म्हातारी सावलीतून त्याच्याकडं बघत होती, हाक मारत नव्हती. जावयाला भर रस्त्यात हाक मारायची तिची रीत नव्हती. दोन तास गेले. दोनच, फार तर. त्यानं पुढं कितीदा हिशेब घातला, दोन तासच होत होते. आणि त्या दोन तासांच्या शेवटी गुडघ्यावर कागद ठेवून त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ते दोन शब्द लिहिले. लॉरी दीड दिवस उभी राहिली हे त्यानं लिहिलं नाही. आंबा मुळातच जास्त पिकलेला होता, नाहीतरी टिकला नसता, असं लिहिलं. वरचे साहेब पुढं त्याबद्दल पाठ थोपटून गेले. त्याच दिवशी तिन्हीसांजेला लोणावळ्याच्या दवाखान्यात डॉक्टर हात धूत धूत म्हणाले होते, मूल मुळातच अशक्त होतं हो, नाहीतरी टिकलं नसतं, मनाला लावून घेऊ नका. किती लवकर तो त्या वाक्याच्या आड जाऊन उभा राहिला होता. डॉक्टरांचे हात वाळायच्या आत. रडला तोही त्या वाक्याच्या आडूनच.

आणि ते वाक्य त्यानं तसंच लीलाबाईला नेऊन दिलं. मुळातच अशक्त होतं. वाडीतल्या बायकांनी त्यात आपली भर घातली. पोर आईच्या अंगावर पितं, मग पोर अशक्त कशानं? दूध बाधलं. हिचं दूधच भारी. लीलाबाईनं ते ऐकून घेतलं आणि ठेवून घेतलं. तिनं बारा वर्षांत कधी कुणाचं तान्हं मूल मांडीवर घेतलं नाही. शेजारच्या कस्तुराबाईची सून ओटीत मूल घालायला आली तर ही हात आखडून घ्यायची, हात ओले आहेत म्हणायची. पुढं मूल झालं नाही, आणि होत नाही याचंही तिला कुठंतरी बरंच वाटत असावं. एकदा, लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली असतील, तिनं दुधाच्या पातेल्याकडं बघत विचारलं होतं, अहो, दूध अंगातल्या अंगात नासतं का? अंबाजी वर्तमानपत्र वाचत होता. नाही, असं तो म्हणू शकला असता. त्यानं पान उलटलं. कधी कधी त्याला वाटायचं की आपण काही खोटं बोललो नाही, एक शब्दही नाही. आपण फक्त जिथं लिहायचं तिथं लिहिलं नाही. एवढ्या वर्षांत तो इतक्या ठिकाणी गेला, इतक्या लॉऱ्यांखाली वाकला, नेणाऱ्यांच्या इतक्या लबाड्या त्यानं पाहिल्या: ब्रेक धरला होता साहेब, ताडपत्री बांधली होती साहेब, स्टो गार केला होता साहेब. त्या सगळ्यांच्या डोळ्यांत एकच भाव असायचा, आणि तो ओळखीचा वाटला की अंबाजी त्यांना सोडून द्यायचा. त्याला दया म्हणत होता तो.

पायरीवर नवशा अजून उत्तराची वाट बघत होता. वाट बघणं त्याला येत होतं. अंबाजीला वाटलं, म्हणून टाकावं, खोट नव्हती. म्हाताऱ्याचं समाधान होईल, शब्दच तर द्यायचा आहे. पण तेही त्याला ठाऊक नव्हतं. स्टो कदाचित खरंच गार असेल. कदाचित ढिगातला एखादा कोळसा नवशाच्या कानाला चुकवून बोलत राहिला असेल. राखेनं त्याला काही सांगितलं नव्हतं. राख कुणाला काही सांगत नाही. ठाऊक होतं ते एवढंच की जे दिसलं ते आपण लिहिलं नाही, आणि जे दिसलं नाही ते लिहिलं. हे इतकं सरळ होतं की त्याला आपली लाज वाटली, अगदी लहानपणी चोरी सापडल्यावर वाटते तशी, कानशिलं तापवणारी. तो आत गेला आणि कपाटातून वही घेऊन आला. दाराच्या आड लीलाबाई खरंच उभी होती. ती बाजूला झाली नाही. त्याला तिच्या अंगाला घासून जावं लागलं.

वहीतलं पान त्यानं नवशाला वाचून दाखवलं. स्टो, तळाशी, गोणपाट चिकटलेलं. मग हळूहळू, एकेक गोष्ट सुटी करून, राख कुठं पांढरी होती, कुठं काळी, ड्रायव्हर काय म्हणाला, सगळं सांगितलं. नवशानं शेवटी विचारलं, स्टो कुठल्या अंगाला होता. केबिनच्या मागं, अंबाजी म्हणाला. नवशा म्हणाला, थंडीचं बुधा नेहमी तिथंच निजायचा, इंजिनाची ऊब येते म्हणून.

"कोळशात खोट होती असं म्हणायला माझ्याकडं काही नव्हतं," अंबाजी म्हणाला. "नव्हती असं पण मी म्हणू शकत नाही. मी न बघता लिहिलं. स्टो बघितला आणि तो गाळला."

"मंग आता लिवा," नवशा म्हणाला.

यावर अंबाजीजवळ खूप उत्तरं होती. अहवाल एकदा गेला की गेला. पुण्याचे साहेब विचारतील की तीन आठवडे झोपला होता काय, आणि पुढची तार दुसऱ्या कुणाला जाईल. आज नाही तर महिन्यानं आपलं नाव यादीतून जाईल. वय बेचाळीस, दुसरा धंदा येत नाही. ही सगळी उत्तरं खरी होती आणि नवशाला त्यातलं एकही सांगण्यासारखं नव्हतं. तो टेबलाशी बसला. कंपनीला पाठवायचं ते पत्र त्यानं इंग्रजीत लिहिलं, चार ओळींत. मग दुसरा कागद घेतला आणि तेच मराठीत लिहायला लागला, सावित्राबाईसाठी; वाडीत कुणी मास्तर येतो का विचारलं तर नवशा म्हणाला, येतो, आठवड्यातनं दोनदा. अहवालाचा साचा त्याच्या हाताला सवयीचा होता, तोच उतरला: तारीख, ठिकाण, माल काय, नेणारा कोण, काय आढळलं. मराठीत लिहिताना हात अडखळत होता. इंग्रजीत माल मालच राहायचा. इथं शेवटच्या ओळीत 'बुधा' लिहावं लागलं. सगळं वाचून दाखवलं, सही केली. नवशानं कागदाची घडी केली, मुंडाशाच्या पदरात बांधली, आणि फरशीवर मांडलेले कोळसे गोळा करायला बसला. ते तो दोन्ही हातांनी ओंजळीओंजळीनं पोत्यात टाकत होता, ऐकत नव्हता. फरशी त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसूनही घेतली. बाई, येतो, असं दाराकडं बघून म्हणाला. आनंद बिनंद काही त्याच्या तोंडावर दिसला नाही. एक माणूस मेला होता तो मेलाच होता, आणि साडेपाचची गाडी धरायची होती.

तो फाटकातून गेल्यावर अंबाजी तिथंच बसून राहिला. तळ्याच्या बाजूनं गार वारा येऊ लागला होता आणि कुठल्या तरी बंगल्यात माळी पाचोळा जाळत होता. त्याला हलकं वाटायला हवं होतं. लोक म्हणतात तसं वाटतं. उलट आतून एक एक गोष्ट जागेवरून सुटल्यासारखी होत होती, आणि घर, टेबल, वही, बारा वर्षांचे अहवाल, त्यातली माणसं, गवतवाले, गूळवाले, आंबेवाले, सगळे दाराशी येऊन पायरीवर उकिडवे बसतील असं वाटत होतं. लीलाबाई चहा घेऊन आली. एकच कप. नवशासाठी केलेला असावा, तो राहून गेला. तिनं कप त्याच्यापुढं ठेवला, पण ती गेली नाही. टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता, त्यातला एक तिनं ओढला आणि त्याच्यापुढं सरळ करून ठेवला.

"मलाही एक लिहून द्या," ती म्हणाली.

त्याला कळलं नाही असं दाखवायला त्यानं वर पाहिलं, आणि तिचा चेहरा बघून ते दाखवणं सोडून दिलं. काय लिहू, असं त्यानं विचारलं तेव्हा त्याचा आवाज गुळगुळीत नव्हता.

"खोट कुठं होती ते. आई जाताना सांगून गेली मला सगळं. तीन वर्षं झाली त्याला. मी वाट बघत होते, आज म्हणाल, उद्या म्हणाल." पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं होतं, आणि बोट पांढरं पडलं होतं. "आईचं ऐकलं. आता तुमच्या हातचं हवंय."

त्यानं पेन उचललं. चहावर साय धरत होती. तारीख लिहिली, ती आठवावी लागली नाही. ठिकाण, कामशेत. पुढच्या ओळीत त्यानं माल हा शब्द लिहिला नाही, मुलाचं नाव लिहिलं. ते त्यानं बारा वर्षांत कुठं लिहिलं नव्हतं, आणि त्यातलं पहिलंच अक्षर काढताना निब कागदात रुतली. नेणारा कोण, या ओळीत स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मग काय आढळलं. लीलाबाई खांद्यामागं उभी राहून अक्षराबरोबर वाचत होती. तिची चौथी झालेली होती आणि ती ओठ हलवून वाचायची, तो श्वास त्याच्या कानाला लागत होता. उन्हात थांबलो, त्यानं लिहिलं. आंब्याच्या पेट्या मोजत होतो. गाडी गेली ती ऐकू आली होती. थांबलो ते दोन तास.

"अडीच," लीलाबाई म्हणाली. "आई तिथं बसून होती. अडीच तास."

अंबाजीनं दोन खोडलं आणि अडीच लिहिलं.